लाखावं मिनिट

मार्गळी लागली की मला लाज वाटायला लागते. मार्गळी हा तमिळ महिना, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा, आणि तंजावरातल्या थंडीचा म्हणाल तर एवढाच काय तो हंगाम. पुण्याच्या माणसाला हसू येईल अशी ती थंडी. पण आमच्याकडे तेवढ्यासाठी मफलर निघतात, कानांत कापूस जातो, आणि दूधवाला असा चेहरा करून येतो की त्याला आधी कॉफी पाजावी. पहाटे देवळांच्या भोंग्यांवर भजनं सुरू होतात. दारोदार तांदळाच्या पिठीच्या रांगोळ्या पडतात, आणि रांगोळीच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोवलेलं असतं. धुकं इतकं की समोरच्या घराचा ओटा दिसत नाही. गेली वीसेक वर्षं मी पुण्यात पदार्थविज्ञान शिकवते आणि दर वर्षी या दिवसांत सुट्टी काढून भावाच्या घरी येते. लोकांना वाटतं, माहेरची ओढ. ती आहेच. पण ओट्यावर बसून पहिला घोट घेतला आणि त्या धुक्याचा वास नाकात गेला की माझे कान गरम होतात.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. तेव्हा आमच्या गावात महिन्यागणिक पाट्या बदलत होत्या. जिथं छत्र्या दुरुस्त व्हायच्या तिथं एसटीडी बूथ आला. गल्लीवर केबलच्या तारांचं जाळं झालं. दर दहा दुकानांआड एक कॉम्प्युटर सेंटर निघालं, आणि त्यांच्या सगळ्या जाहिरातींत एकच शब्द मोठ्या अक्षरात असायचा, मेमरी. आमच्या कॉलेजच्या विभागातही एक कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी गार खोली होती, तिच्या दाराशी चपला काढाव्या लागत, आणि आत गेलेला माणूस देवळातून आल्यासारखा हळू बोलत बाहेर यायचा. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, संशोधन करत होते, आणि माझी अशी पक्की समजूत होती की जगातली पुढली मेमरी माझ्या टेबलावर तयार होते आहे.

टेबलावर होती काच. खिडकीची नव्हे. टेल्युरियम आणि आणखी दोन धातूंसारख्या वस्तू वितळवून केलेली, काळी, चकचकीत, नखाएवढ्या तुकड्यांची. ती कशी करायची ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. मालमसाला बंद नळीत घालून भट्टीत पातळ करायचा आणि नळी एकदम बर्फाच्या पाण्यात सोडायची. सावकाश थंड होऊ दिलं तर आतले अणू नीट रांगेत बसतात आणि स्फटिक होतो. असं झटक्यात गार केलं की त्यांना आपापली जागा शोधायला वेळच मिळत नाही, जो जिथं असेल तिथं थिजतो. रांगेत बसलेल्या मालातून वीज सहज जाते, थिजलेल्यातून मोठ्या कष्टानं. एकाला 'एक' म्हणा, दुसऱ्याला 'शून्य', झाली तुमची मेमरी. अडचण एवढीच की थिजलेले अणू कायमचे थिजत नाहीत. बाहेरून काही दिसत नाही, पण आत ते अगदी हळूहळू सरकत, एकमेकांशी जुळवून घेत राहतात, आणि काचेचा विजेला होणारा विरोध दिवसेंदिवस वाढत जातो. लिहून ठेवलेलंच असं सरकायला लागलं तर त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? ते किती सरकतं, कुठवर सरकतं, हे मोजणं माझं काम होतं.

बर्फ आणायचे रंगोजी मामा. रंगोजीराव आमच्या विभागातले लॅब अटेंडर, माझ्या वडिलांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे, निवृत्तीला आलेले. करंदै भागात राहायचे. मासळीबाजाराजवळच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी घ्यायची, भाताच्या तुसात घोळवायची, गोणपाटात गुंडाळायची आणि सायकलच्या मागं बांधून उन्हाच्या आत लॅबमध्ये पोचायचं, हे ते वर्षानुवर्षं करत आले होते. विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तंजावरात आम्हाला रायर म्हणतात, म्हणजे कधीकाळी मराठे राजांबरोबर आलेले आणि परत जायचं राहून गेलेले. मामांचं मराठी माझ्या घरातल्यासारखंच, मजला-तुजलाचं, 'मी पाहिलों, मी लिहिलों' असं. पुण्यात मी अजूनही कधी घाईत 'मी पाहिलों' म्हणून जाते आणि लोक कौतुकानं हसतात. तेव्हा मात्र त्या बोलीमुळे लॅबमध्ये मला घरच्यासारखं वाटायचं.

टेल्युरियमची एक खोड आहे. त्याची धूळ थोडीशी जरी पोटात गेली तरी माणसाच्या श्वासाला लसणीचा वास येतो. आमच्या घरात लसूण वर्ज्य. आई माझ्याकडे संशयानं बघायची. "कोणत्या हॉटेलांत जेवतेस मा?" असं तिनं एकदा सरळच विचारलं (आमच्याकडे मुलीबाळींना लाडानं 'मा' म्हणतात), आणि मी अणूंचं कारण सांगितलं तर तिला ते हॉटेलापेक्षाही वाईट वाटलं. मामांच्या घरीही तीच तऱ्हा. "बायको म्हणते, तूं ओट्यावर नीज," असं ते हसून सांगायचे. बर्फाचे दिवस सोडले तर मामाही कॉलेजच्या बसनं येत; त्या बसमध्ये आमच्या दोघांच्या शेजारी कुणी बसत नसे, आणि त्याचा आम्हाला जरा अभिमानच होता.

मोजायची तऱ्हा अशी. काचेचा तुकडा सत्तर अंशांच्या लहानशा ओव्हनमध्ये ठेवायचा आणि एका मिनिटानं, दहा मिनिटांनी, शंभर, हजार, दहा हजार मिनिटांनी मीटर बघायचा. आलेख काढायचा तो तिरुचीहून आणलेल्या खास कागदावर. त्या कागदावर एक ते दहा मिनिटांना जेवढी जागा, तेवढीच दहा ते शंभरला, आणि तेवढीच दहा हजार ते लाखाला. म्हणजे पहिला चौकोन भरायला नऊ मिनिटं लागतात आणि शेवटचा भरायला नऊ आठवडे, पण कागदावर दोन्ही बोटभरच. चोवीस वर्षांच्या मुलीच्या हातात असा कागद देऊ नये. तिला वाटतं, हे काय, बोटभरच तर राहिलंय.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरवातीला एक फार चांगला तुकडा निघाला आणि सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, ठरवलं की याला लाख मिनिटं मोजायचं. लाख मिनिटं म्हणजे दहा आठवड्यांना काही तास कमी. शेवटचं माप ऐन मार्गळीत, पोंगलच्या तोंडावर. सर भले माणूस होते, हुशार होते, पण घाईचे. परदेशातल्या एका परिषदेला निबंध पाठवायचा होता, तो जानेवारीअखेर पोचला पाहिजे होता, आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत मला जागा मिळायची शक्यता त्या निबंधावर लटकलेली होती. आमच्या घरातून तोवर कुणी समुद्र ओलांडला नव्हता. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की आज ते आठवलं तरी नको वाटतं.

पहिला आठवडा मी मन लावून मापं घेतली. बिंदू एका सरळ रेषेत चढत गेले, पट्टीनं आखल्यासारखे. दुसऱ्या आठवड्यापासून मला कंटाळा आला. परदेशी जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागे, तिचा अभ्यासही होता. मापं मी मामांवर सोपवली. त्यांनी एक नवी वही घातली, पानांवर रेघा मारल्या, तारीख, वेळ, ओव्हनचं तापमान, मीटरचा आकडा असे रकाने केले, आणि करंट किती वाजता गेला आणि किती वाजता आला याचा एक रकाना स्वतःच्या मनानं वाढवला. करंट गेला की लॉरीची जुनी बॅटरी जोडायचं कामही त्यांचंच. मीटरसमोर उभे राहिले की ते चष्मा काढायचे, पुसायचे, परत घालायचे, काटा ठरेपर्यंत श्वास धरून बघायचे आणि मग लिहायचे. त्यांच्या हातातलं घड्याळ रोज रेडिओच्या बातम्यांशी जुळवलेलं असायचं. रविवारीही यायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, एखादा दिवस चुकला तर काय बिघडतंय?" तर म्हणाले, "काच रविवार पाहती काय मा?"

आणि मी काय करत होते? एका दुपारी बसल्या बसल्या त्या कागदावर रेषा पुढं लांबवली आणि तिच्यावर येणाऱ्या आठवड्यांचे बिंदू पेन्सिलनं मांडून टाकले. सहा गोल. निबंध कसा दिसेल ते बघायला, बस. त्यात काही वाईट हेतू नव्हता, एवढं मी शपथेवर सांगते. वाईट पुढं झालं. सर आले, त्यांनी कागद उचलला, त्यांचे डोळे चमकले. "लाखापर्यंत सरळच?" त्यांनी विचारलं. तारखा त्यांच्या कधीच लक्षात राहत नसत. 'नाही सर, हा माझा अंदाज आहे,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हो सर." त्याच संध्याकाळी त्यांनी परिषदेला पत्र धाडलं.

इथं एक कबुली देऊन टाकते. हे मी मराठीत, देवनागरीत लिहिते आहे. ही लिपी मी तिशीनंतर पुण्यात शिकले. माझ्या भावाला ती वाचता येत नाही, सर तमिळ होते आणि आता नाहीत, मामांच्या घरातल्या कुणीही आयुष्यात देवनागरी ओळ वाचलेली नाही. म्हणजे ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांच्यापैकी कुणाच्या हाती लागणार नाही अशा अक्षरांत मी खरं बोलते आहे. यातही चलाखी आहे, मला कळतं.

मामांच्या वहीतले आकडे तिसऱ्या आठवड्यापासून रेंगाळायला लागले. मार्गळी लागली तेव्हा तर ते जागचे हलेनात. मी लॅबच्या दाराशी चपला घालत होते आणि मामा आतून म्हणाले, "चढणें थांबलें मा. काच निवली दिसतें." मी म्हटलं, "बघू नंतर." निवली म्हणजे आतलं सरकणं संपलं, आणि त्याबरोबर माझी सरळ रेषाही; मी चपलेचा पट्टा लावून निघाले. दुसऱ्या दिवशी परीक्षेसाठी मद्रासला गेले, परीक्षा एका दिवसात आटोपली, आणि मावशीकडे उगाचच पंधरा दिवस राहिले. सिनेमे पाहिले, कचेऱ्या, म्हणजे तिकडच्या गाण्याच्या मैफिली, ऐकल्या. वही तिथं नव्हती म्हणून बरं वाटत होतं.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच लॅबमध्ये गेले. मामा आठला यायचे, ते यायच्या आत बघायचं होतं. रस्त्यात धुकं होतं, सायकलींच्या घंटा नुसत्या ऐकू येत होत्या, आणि मी चालता चालता मनात म्हणत होते की ओव्हन बिघडलेला असू दे, एखादी तार सुटलेली असू दे, म्हाताऱ्याची नजर चुकलेली असू दे. ओव्हनचा थर्मामीटर सत्तर दाखवत होता. तारा घट्ट होत्या. काटा ठरेपर्यंत थांबले, आकडा पाहिला, वही उघडली. आदल्या दिवशी मामांनी जो लिहिला होता तोच. अगदी तोच. मी मीटर बंद न करता, काही न लिहिता, बाहेर येऊन पायरीवर बसले. आठ वाजता मामा आले आणि म्हणाले, "येवढ्या पहांटें कसाला आलीस? थंडी बाधेल." मी म्हटलं, झोप आली नाही. पाहिलं असं सांगितलं नाही.

लाखावं मिनिट खरं म्हणजे भल्या पहाटे कधीतरी पडत होतं, पण त्या कागदावर पाच-सहा तास दिसतही नाहीत, म्हणून मामांनी ते सकाळी येऊन घेतलं आणि वही काखेत मारून सरळ सरांच्या खोलीत गेले. दहा आठवडे एकही दिवस न चुकता केलेलं काम होतं ते. त्यांना ते दाखवायचं होतं, आणि का दाखवू नये? थोड्या वेळानं सरांनी मला बोलावलं. टेबलावर एका बाजूला माझा कागद, एका बाजूला वही.

"रंगोजी म्हणतो, रेषा आडवी झाली. तुझा आलेख म्हणतो, सरळ चढतेय," सर म्हणाले. "कुणाचं खरं?"

मी म्हटलं, "ओव्हन उतरला असेल सर. मी नव्हते तेव्हा." किती सहज म्हटलं. जिभेवर तयारच असल्यासारखं.

"ओव्हन मी रोज बघत होतो सर," मामा तमिळमध्ये म्हणाले. "करंटचंही लिहिलंय." मग सर आवाज चढवून बोलायला लागले. परिषदेला कळवून झालंय, वयाप्रमाणे नजर जाते, हे कबूल करावं, तरुण मुलीचं काम नासवू नये. सरांना मी आज दोष देत नाही. त्यांच्या हातात माझं "हो सर" होतं. मामा ऐकत राहिले आणि मग माझ्याकडे वळले. सरांना कळणार नाही अशा आमच्या बोलीत, हळू, म्हणाले, "तूं सांग मा. मी कधीं खोटें लिहिलों काय?"

आणि मी त्यांना तमिळमध्ये उत्तर दिलं. "एनक्कु तेरियादु." मला माहीत नाही.

खोटं बोलणारी माणसं मी नंतर पुष्कळ पाहिली, परदेशातही आणि पुण्यातही, त्यांचा मला फारसा राग येत नाही. पण त्या क्षणी मी भाषा बदलली. मामांनी घरातल्या माणसासारखी हाक मारली आणि मी ऑफिसातल्यासारखं उत्तर दिलं. खोट्यापेक्षा मला त्याची जास्त लाज वाटते.  मामांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, आणि वही तिथंच ठेवून गेले.

तीन दिवसांनी भोगी आली. महाराष्ट्रात भोगीला तिळाची भाकरी असते. आमच्याकडे पहाटे दारात जुनं जाळतात. फाटक्या चटया, सुपं, झाडण्या, वर्षाची रद्दी. गल्लीभर धूर होतो आणि पोरं लहान लहान डफ बडवत हिंडतात. सरांनी वही मला दिली होती, 'हे तुझ्याकडेच ठेव' म्हणून. ती मी घरी आणली, माझ्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात सारली, आणि तो गठ्ठा आईसमोर ठेवला. आई एकेक उघडून आगीत टाकत होती. त्या वहीवर ती थांबली.

"किती सुरेख अक्षर," ती म्हणाली. "कोणाचें हें? जाळूं काय?"

"जाळ," मी म्हटलं.

तिनं मात्र लगेच टाकली नाही. पानं उलटली, तिला आकड्यांतलं काही कळत नव्हतं, तरी उलटली. मग टाकली. पुठ्ठा जाड होता, त्याला पेटायला वेळ लागला, आणि मी तिथं उभी राहून तो पेटेपर्यंत बघत होते. आई म्हणाली, घरात जा, डोळ्यांना धूर लागतोय. मी धुराचं नाव पुढं करून आत गेले.

निबंध गेला, छापून आला, मला जागा मिळाली. मामांना सरांनी मीटरवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, तिथं ते चंचुपात्रं आणि बुचं लावून ठेवायचे. मे महिन्यात, ऊन रणरणत असताना, ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांतर्फे दोन शब्द बोलायला मलाच उभं केलं, आणि मी उभी राहिले. त्यांच्या सचोटीबद्दल बोलले. सचोटी हा शब्द मी वापरला, माझ्या तोंडून. मामा गळ्यात हार घालून मान हलवत ऐकत होते.

वर्गात मी आता काचेचं निवणं शिकवते. फळ्यावर तोच आलेख काढते. रेषा सुरवातीला सरळ चढते, आणि ऊब पुरेशी असेल, वेळ पुरेसा दिला, तर शेवटी वाकते आणि आडवी होते. अणूंना जे जुळवून घ्यायचं ते घेऊन झालेलं असतं. आता हे सगळ्यांना ठाऊक आहे, पाठ्यपुस्तकातली गोष्ट आहे. मामांनी ती लॉरीच्या बॅटरीवर आणि रेडिओशी जुळवलेल्या घड्याळावर पाहिली होती, आणि सरळ रेषेवरच्या माझ्या सहा गोलांमुळे ती आमच्या लॅबच्या बाहेर गेली नाही. तो निबंध ज्या खंडात आहे तो आता कुणी उघडत नाही, म्हणून कुणाचं काही नुकसान झालेलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. माझ्या निबंधांच्या यादीत तो अजून पहिला आहे. मुलं विचारतात, काच थंडीत ठेवली तर? मी सांगते, मग ती निवत नाही, वर्षानुवर्षं थोडी थोडी सरकतच राहते. हे वाक्य बोलताना मी फळ्याकडे तोंड करते. मला वाटायचं, लाज काळानं आपोआप निवेल. मी ती थंड जागी ठेवली होती, इतकंच.

या वर्षी भाऊ जेवताना सहज म्हणाला की एका लग्नात रंगोजी मामांची मुलगी भेटली होती. ती ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत आहे, मामा तिच्याकडेच असतात, जवळजवळ दिसत नाही, आणि तुझी चौकशी करतात. "दर वेळीं करतात," भाऊ म्हणाला. म्हणजे त्यानं मला हे आधीही सांगितलं असणार आणि मी ते ऐकलं नसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमध्ये बसले. सांबा भाताची कापणी चालली होती, रस्त्यावर पेंढा पसरलेला होता आणि बस त्याच्यावरून मळणी करत चालली होती. वाटेत दोनदा उतरून परत जावंसं वाटलं.

मामा पडवीत खुर्चीवर बसले होते. फार बारीक झालेले. मी नाव सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि माझे हात सापडेपर्यंत हवेत तसेच धरले. "वत्सला काय? बैस मा. चंद्रा, कॉफी आण, पाहा कोण आली आहे." पुण्याची थंडी, माझी नोकरी, आई कधी गेली, सगळं विचारून झालं. मग तेच म्हणाले, "तुजला एक सांगायचें राहून गेलें. माझ्या हातून तेव्हां तुझें काम नासलें असतें. वेळेवर सांभाळलीस, बरें झालें."

मी म्हटलं, "मामा, असं नका म्हणू."

"सर बोलले तें मजला लागलें नाहीं. सर सर्वांस बोलतात. पण तूं माझ्या बाजूनें कांहीं बोलली नाहींस, तेव्हां मी समजलों, माझेंच चुकलें. तूं शिकलेली. चूक नसती तर तूं बोलली असतीस की."

कॉफी घेऊन आलेली चंद्रा दारात उभी होती. ती म्हणाली, "त्यानंतर अप्पांनी घड्याळ उतरवलें तें पुन्हां घातलें नाहीं. डोळ्यांच्या डॉक्टराकडे तीनदां गेले. डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत. हे म्हणाले, त्याला कळत नाहीं. दुधाचें मापसुद्धां अम्माला पाहायला लावीत." तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, घरात सगळ्यांना माहीत असलेली म्हाताऱ्याची खोड सांगावी तसं सांगितलं.

मग मी सांगितलं. पेन्सिलचे गोल, "हो सर", धुक्यातली ती सकाळ, मी एकटीनं पाहिलेला आकडा, वही. वहीचं सांगताना मामांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून चंद्राच्या हातातल्या पेल्याकडे बघून सांगितलं. सगळं आमच्याच बोलीत सांगितलं, अडखळत, कारण असल्या गोष्टी त्या बोलीत मी कधी बोललेच नव्हते.

 मला वाटलं, आता मामा मला जा म्हणतील, आणि खरं सांगते, त्यांनी म्हणावं असं वाटत होतं.

"तूं पाहिलीस?" त्यांनी विचारलं. "तूं स्वतां?"

"पाहिलों, मामा. तुमचा आकडा होता तोच होता."

"मग तेव्हां माझे डोळे बरे होते."

"बरे होते."

ते मुलीच्या आवाजाच्या दिशेनं वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ऐकलीस काय चंद्रा? माझे डोळे बरे होते."

"मी इतकीं वर्षें तेंच सांगत होत्यें की, अप्पा," चंद्रा म्हणाली.

"तूं सांगत होतीस. पण तूं पाहिली नव्हतीस," मामा म्हणाले. "ही पाहिली होती."

त्यात राग नव्हता. साक्षीदार मिळाल्याचा आनंद होता, आणि तो त्यांना पुरत होता. चंद्रा मात्र पेला हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मला तिच्याकडे बघता आलं नाही.